साडेबारा फुटांत ओगाता सान

नोकरी मागायला मी पहिल्यांदा ओगाता सानांच्या ऑफिसात गेले, तेव्हा माझा पोर्टफोलिओ उघडायच्या आधी त्यांनी मला भिंतीशी उभं केलं आणि माझे खांदे मोजले. मग म्हणाले, "बॅग घे." मी बॅग खांद्याला लावली. पुन्हा मोजलं. "आता वळ." मी वळले. बॅग मागच्या कपाटाला लागली आणि त्यावरचं पुठ्ठ्याचं एक घर खाली पडलं. त्यांनी ते उचललं, मोडलेला जिना निरखून बघितला आणि भिंतीवर पेन्सिलीनं एक आकडा लिहिला. "सोमवारी ये," म्हणाले.

ही २००३ सालची गोष्ट. नागपूरला आर्किटेक्चर करून मी न्यू जर्सीत मास्टर्स केलं होतं आणि मोठमोठ्या ऑफिसांतून नकाराची सभ्य पत्रं गोळा करत होते. ओगाता सानांचं ऑफिस जर्सी सिटीत एका लाँड्रोमॅटच्या, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाच्या, वर होतं. दोन खोल्या, त्यातली एक मॉडेल्सनी भरलेली. दुसरीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक टेबल मावेल एवढी फट होती. मी त्या फटीत बसू शकते की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं, हे मला सोमवारी कळलं. माझी डिग्री कुठल्या कॉलेजची हे त्यांनी पाच वर्षांत विचारलं नाही.

टोकियोत त्यांनी गाडी लावायच्या जागेएवढ्या प्लॉटांवर घरं बांधली होती. दोन इमारतींच्या मधल्या बोळात, रेल्वेरुळाला टेकून उरलेल्या त्रिकोणात, कुठे रस्ता रुंद केल्यावर उरलेल्या पट्टीवर. अमेरिकेत येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. शहरं दाट होत चालली आहेत, इथल्याही लोकांना आज ना उद्या लहान घरं लागतील, असा त्यांचा विश्वास होता. लोक यायचे, मॉडेल हातात घ्यायचे, "ओ, सो क्यूट" म्हणायचे आणि जाऊन गावाबाहेर मोठं घर विकत घ्यायचे. 'क्यूट' या शब्दाचा त्यांना इतका राग होता की तो ऐकला की ते पाहुण्याच्या हातातून मॉडेल काढून घेत. पोटापाण्यासाठी आम्ही बेसमेंटमधली किचन्स आणि एका डेंटिस्टचं टॉयलेट करत होतो.

जपानी माणूस वेळेचा पक्का असतो असं मी ऐकून होते. ओगाता सान रोज पंचवीस मिनिटं उशिरा येत. तेही इतक्या नेमानं की आम्ही क्लायंटला पंचवीस मिनिटं उशिराची वेळ देऊ लागलो. ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते पन्नास मिनिटं उशिरा येऊ लागले. जपानी माणूस हिरवा चहा पितो असंही मी ऐकून होते. ते बादलीएवढ्या कपातून सोडा पीत आणि साखरेत घोळवलेले डोनट्स खात. ती साखर ड्रॉइंगवर सांडली की फुंकर मारून माझ्या ड्रॉइंगवर ढकलत. त्यांना कबुतरांची भीती वाटे. आणि आपण 'जी' लावतो तसं ते सगळ्यांना सान लावत, मला, पोस्टमनला, म्युनिसिपालिटीत आमचे प्लॅन परत पाठवणाऱ्या बाईलाही. शर्वरी हे माझं नाव त्यांच्या जिभेवर 'शारुबारी सान' झालं होतं. माझी तक्रार नव्हती, कारण त्यांच्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.

इंग्लिश ते मोजूनमापून बोलत. तीन-चार शब्दांत काम भागायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, पण शब्द वाढवलेले नाहीत. त्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "कोण? काय करताना?" मी लिहिलं, खोली दहा बाय दहा. ते विचारणार, कोण? काय करताना? मी म्हणणार, बेडरूम आहे, झोपताना. "आजारी असताना? भांडण झाल्यावर?" नवराबायकोचं भांडण झाल्यावर एकाला पाठ फिरवून उभं राहता येईल एवढी जागा प्रत्येक बेडरूममध्ये हवी, असा त्यांचा नियम होता. ती जागा किती, हेही त्यांनी मोजलेलं होतं. कुणाला भांडायला लावून मोजलं, ते सांगत नसत.

नाडकर्णी काका आणि सुधाकाकू त्यांच्याकडे आले ते माझ्यामुळे. काका सत्तरच्या दशकात इथे आलेले भूलतज्ज्ञ, नुकतेच रिटायर झालेले. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात मी शेजारी बसले होते. ट्रेनपासून तासाभरावर, गर्द झाडीत त्यांचं पाच बेडरूमचं घर होतं. मुलगी आणि नात मात्र जर्सी सिटीतल्या एका टॉवरमध्ये. काकांना आता ड्राइव्ह करायचा कंटाळा आला होता. मुलीच्या टॉवरपासून चालत दहा मिनिटांवर त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. दोन जुन्या घरांच्या मधला, साडेबारा फूट रुंद. तीन आर्किटेक्टांनी तो बघून शेजारचं घरही विकत घ्या असा सल्ला दिला होता.

ओगाता सानांनी प्लॉट बघितला आणि पाच वर्षांत कुठल्याही प्लॉटबद्दल मी एकदाच ऐकलं ते वाक्य बोलले. "मोठा आहे," म्हणाले.

काकूंना ते पटलं नाही. "अहो, दोन खोल्यांतून निघालो आपण," त्या काकांना म्हणाल्या, "मर मर करून पाच बेडरूमपर्यंत आलो. आणि आता साडेबारा फुटांत? लोकांना वाटेल दिवाळं निघालं."

यावर ओगाता सानांनी त्यांच्या घरी एक दिवस राहायची परवानगी मागितली. दुभाषी म्हणून मी बरोबर. सकाळी त्यांनी काकूंना पुऱ्या तळायला सांगितल्या. काकूंना वाटलं पाहुण्याला आवडतात. त्या तळत असताना हे त्यांचं कोपर मोजत होते, झाऱ्याचा दांडा मोजत होते, तेल उडालं की काकू किती मागे सरकतात ते मोजत होते. मग डबे काढून मोजले. पिठाचा, डाळींचा, पोह्यांचा, आणि एक कशाचा ते काकूंनाही आठवेना. पुऱ्या मात्र त्यांनी अकरा खाल्ल्या.

दुपारी ते वरच्या मजल्यावर फिरले आणि खाली येऊन म्हणाले, "तीन बेडरूम झोपल्या आहेत. माणसं इथे." त्यांनी बोट दाखवलं ते किचनचं टेबल आणि टीव्हीसमोरचा कोच. काका हसले. काकू हसल्या नाहीत.

मग त्यांनी खिशातून निळी चिकटपट्टी काढली. फॅमिली रूम आणि किचनच्या फरशीवर नव्या घराच्या एका मजल्याचा आकार आखला, आतून साडेअकरा फूट रुंद, आणि दोघांना विनंती केली की शनिवार-रविवार या रेघेच्या आत राहायचं. झोपायला आणि बाथरूमला तेवढं बाहेर पडायचं.

शनिवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला. मी स्पीकर लावला. नाडकर्णी काका गंभीर आवाजात म्हणाले, "मिस्टर ओगाता, माय वाइफ हॅज लेफ्ट द हाउस."

ओगाता सान उभे राहिले. "कुठे गेल्या?"

"डायनिंग रूममध्ये."

मागून काकूंचा आवाज आला, "त्यांना सांगा, चांगली क्रोकरी इथल्या कपाटात आहे, मी ती आणायला आलेय. आणि परत जाणारे." क्रोकरी कशाला, तर त्यांनी दोन मैत्रिणींना जेवायला बोलावलं होतं. साडेअकरा फुटांत माणसं बसूच शकत नाहीत, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. सोमवारी त्यांचा मला फोन आला. मैत्रिणी दुपारी चारला जायच्या त्या सातला गेल्या. "दूर दूर बसायला जागाच नव्हती ना," काकू जरा चिडूनच म्हणाल्या. "मग काय, बोलत बसलो. सांग तुझ्या सानांना, काढा म्हणावं ड्रॉइंग."

ओगाता सानांचं अमेरिकेतलं पायापासून बांधलेलं पहिलं घर असं सुरू झालं. बांधणारा होता सॅल, तीन पिढ्यांचा इथलाच कॉन्ट्रॅक्टर. तो दारात उभा राहिला की दार दिसेनासं व्हायचं. प्लायवुड घेऊन त्याला आमच्या जिन्यावरून आडवं चढावं लागे आणि प्रत्येक पायरीला तो ओगाता सानांच्या पूर्वजांची चौकशी करी. ओगाता सान खालून म्हणत, "सॅल सान, डाएट." दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

दोघांचं कायमचं भांडण एकाच गोष्टीवर होतं. या अरुंद घराच्या मधोमध ओगाता सानांनी पाच फूट बाय पाच फुटांची जागा रिकामी सोडली होती. तळमजल्यापासून चौथ्या मजल्याच्या छपरापर्यंत सरळ पोकळी, वर काच. घराच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. उजेड मधून आणला नसता तर घराचं पोट काळोखं राहिलं असतं. पण सॅलला ते पटत नसे. "साडेबारा फुटांतले पाच तू फुकट घालवतोस," तो म्हणायचा. एका मासिकातली बाई फोटोसाठी घर बघायला आली होती. तिनं अदबीनं विचारलं, या रिकामेपणाला तुमच्या परंपरेत काही खास शब्द असेल ना? ओगाता सान म्हणाले, "भोक." तिनं तेही लिहून घेतलं.

बाकीच्यांपुढे भोक म्हणत, पण त्या जागेवर त्यांचा किती जीव होता ते मी रोज बघत होते. सांगाडा उभा राहिल्यावर ते तळमजल्यावर मधोमध खुर्ची टाकून बसत. उजेड भिंतीवरून कसा उतरतो, त्याच्या वेळा एका वहीत लिहून ठेवत. त्यासाठी मात्र ते वेळेवर येत.

२००६च्या उन्हाळ्यात, भिंती बंद व्हायच्या बेतात असताना, नाडकर्णी काकांना स्ट्रोक झाला. डावी बाजू गेली. जीव वाचला, पण व्हीलचेअर आली.

तीन आठवड्यांनी काकू ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत. "शर्वरी, यांना सांग, कॅन्सल करूया," त्या म्हणाल्या. "चार मजल्यांचा जिना. आता कोण चढणार? घर आहे तसं विकून टाकू. तिकडच्या घरात खाली एक बेड घालता येईल."

मी सांगितलं. त्यांनी काकूंना काही म्हणायला हवं होतं, निदान वाईट वाटलं एवढं तरी. ओगाता सानांनी त्यांना विचारलं, "खुर्ची किती रुंद?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग पर्स उचलून निघून गेल्या. मला ओगाता सानांची इतकी लाज वाटली की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. ते लिफ्टचे कॅटलॉग घेऊन बसले होते.

लिफ्ट कुठे बसेल, हे सॅलला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. मलाही. पाच बाय पाच, खालपासून वरपर्यंत तयार. पण ते त्यांना म्हणायचं कुणी? सॅल एवढा आडदांड माणूस, तो मला म्हणाला, "तू सांग." मी म्हटलं, "तू सांग." कुणीच सांगितलं नाही. ओगाता सान लिफ्ट घराच्या पुढच्या बाजूला बसवून बघत होते, मग मागच्या, मग बाथरूममधून. आठ दिवसांत त्यांनी चौदा ड्रॉइंग्ज काढली. कुणाशी नीट बोलत नव्हते. माझ्या ड्रॉइंगवर साखर येईनाशी झाली तेव्हा मला खरी काळजी वाटली.

नवव्या दिवशी म्हणाले, "शारुबारी सान, चल." आम्ही रिहॅब सेंटरला गेलो. काकू तिथे होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. काका खुर्चीत बसले होते, तोंड थोडं वाकडं झालेलं. ओगाता सान त्यांच्या पायांशी बसले आणि मोजायला लागले. खुर्चीची रुंदी, पावलं जिथे टेकतात ते अंतर, उजवा हात किती वर जातो. काकांना हात वर करायला सांगितला, तेव्हा ते सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मिस्टर ओगाता. आता मी. लहान झालो. तुमच्या. कामाचा."

ओगाता सानांनी माप लिहायचं थांबवलं. मग काकूंकडे वळून ते पाठोपाठ इतकी वाक्यं बोलले की मला भाषांतराला वेळच मिळाला नाही. काकूंना इंग्लिश चांगलंच येत होतं. माझी गरज कधीच नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं. ते म्हणाले, "मी आठ दिवस वाया घालवले. किचनमधून जागा काढली, तुमचं कोपर लागतं. बाथरूममधून काढली, खुर्ची वळत नाही. माझं भोक सोडून सगळीकडे शोधलं. सॉरी. घर विकू नका. लिफ्ट मधे बसेल."

काकूंनी डोळे पुसले. "तुमचं ते उजेडाचं?" त्यांनी विचारलं.

"बघू," ओगाता सान म्हणाले.

त्यांनी हे फार मोठ्या मनानं केलं असं मी लिहिणार नाही. ते महिनाभर धुसफुसत होते. लिफ्टवाल्या सेल्समनला त्यांनी सान लावला नाही, आणि लिफ्टला ते फ्रीज म्हणत. पण त्या फ्रीजच्या मागेही लागले. लिफ्टचं यंत्र तळाशी घ्यायला लावलं, म्हणजे छपरावरची काच वाचली. लिफ्टचं छत काचेचं केलं, दोन बाजू काचेच्या केल्या, आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टभोवतीची भिंत काढून तिथेही काच घातली. परवानगी देणाऱ्या इन्स्पेक्टरनं दोनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी ते त्याच्या टेबलासमोर ड्रॉइंग पसरून बसले आणि उठेचनात. शेवटी त्यानं सही केली. मला वाटतं, त्याला जेवायला जायचं होतं.

२००७च्या वसंतात वास्तुशांत झाली. त्या दिवशी ओगाता सानांचा पुरता पोपट झाला. घरात शिरताना चपला काढायच्या, हे या घरात सगळ्यात आधी कुणाला सुचायला हवं होतं तर त्यांना. त्यांनी दारापाशी सुंदर कप्पे केलेही होते. सहा जोडांचे. आणि काकूंनी बोलावली होती चाळीस माणसं. चपला उंबऱ्यावरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून फुटपाथवर गेल्या. ओगाता सान अर्थातच उशिरा आले आणि शेवटच्या पायरीवर थबकून उभे राहिले.

काकू दारात आल्या. "कोण? काय करताना?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "चाळीस माणसं. जेवताना."

पहिल्या पंगतीला ओगाता सान जेवायला आलेच नाहीत. मी खाली जाऊन बघितलं, तर पायऱ्यांवर बसून ते चपलांच्या जोड्या लावत होते, टाचा भिंतीकडे. "किती?" मी विचारलं. "त्र्याऐंशी," म्हणाले. "एक चप्पल एकटी आहे."

काका त्या दिवशी लिफ्टमधून चार वेळा वर-खाली गेले. पुढेही जात राहिले. काकू फोनवर सांगायच्या, "वर काही काम नसतं गं. नुसते जातात, वर बघत. चौथ्या मजल्यावर पोचले की तिथे थांबून राहतात. मी खालून बटण दाबलं की रागावतात." मी हे ओगाता सानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती वाजता?" काकूंना विचारून मी वेळ कळवली. त्यांनी जुनी वही काढून बघितली आणि पुन्हा ठेवून दिली. काय दिसलं ते सांगितलं नाही, पण त्या दुपारी माझ्या ड्रॉइंगवर खूप साखर होती.

मासिकात फोटो आले. लेखाचं नाव वाचून ओगाता सानांनी मासिक कपाटाच्या मागे टाकलं. त्यात 'क्यूट' होतं.

त्यानंतर तसंच दुसरं घर मिळेल असं आम्हाला वाटत होतं. दोघे-तिघे येऊनही गेले. पण २००८ उजाडलं तशी बांधकामं एकेक करून थांबायला लागली आणि आमच्या टेबलावर पुन्हा बेसमेंटच उरली, मग तीही नाही. ओगाता सानांनी ऑफिस बंद करायचं ठरवलं. मला सिएटलजवळ बॉथेलला एका मोठ्या फर्ममध्ये नोकरी मिळाली. त्यांनी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं होतं. नव्या ऑफिसातल्या बाईंनी मला ते हसत हसत दाखवलं. त्यात लिहिलं होतं, 'ही कुठेही मावते. पण हिला चांगली खिडकी द्या.'

जर्सी सिटीतून निघायच्या आधीच्या शनिवारी ओगाता सानांच्या बायकोचा मला फोन आला. कॅरल असं तिनं नाव सांगितलं. पाच वर्षांत मी तिचा आवाजही ऐकला नव्हता. "जेवायला ये," ती म्हणाली. "तो तुला कधीच बोलावणार नाही. लाजतो."

कसली लाज, ते मला कळेना. मी ट्रेननं गेले. कॅरल स्टेशनवर घ्यायला आली होती. ती चांगली उंच, मोठ्यानं हसणारी, मागच्या सीटवर दोन कुत्रे. मोठमोठ्या झाडांच्या रस्त्यावरून गाडी वळत वळत एका घरासमोर थांबली. मी घराकडे बघत राहिले. खांबांचा पोर्च, तीन गाड्यांचं गॅरेज, दोन्ही बाजूंना पसरलेल्या खोल्या. आत गेले तर एका खोलीत पियानो आणि त्यावर मांजरं, दुसरीत विणकामाचा माग, तिसरीत नुसती खोकी. जेवायच्या टेबलाला चौदा खुर्च्या होत्या आणि आम्ही तिघं होतो. मीठ मागायचं तर उठावं लागत होतं. ओगाता सान मान खाली घालून जेवत होते.

"बोल ना," कॅरल म्हणाली. "पाच वर्षं तिला पाच-पाच इंचांसाठी छळलंस."

मी म्हटलं, "ओगाता सान, हे घर खूप—"

"मोठं आहे," ते म्हणाले. त्यांनी नॅपकिनची घडी घातली. बायको किचनमध्ये गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कॅरलला जागा लागते," ते म्हणाले. "मला कॅरल लागते."

जेवण झाल्यावर ते कुठेतरी गायब झाले. निरोप घ्यायला शोधलं, तर कॅरल म्हणाली, "मागे असेल, निरोप घेणं त्याला जमत नाही." स्टेशनकडे जाताना तिनं गाडी मुद्दाम घराला वळसा घालून मागच्या रस्त्यानं नेली. तिथे हिरवळ उतारावर लांबवर पसरली होती, आमच्या साडेबारा फुटांची वीस घरं सहज बसली असती. त्या हिरवळीच्या पार टोकाला ओगाता सान गवत कापायच्या लाल ट्रॅक्टरवर ताठ बसले होते. डोक्याला गवती हॅट, ऑफिसचा पांढरा शर्ट, हातात तो बादलीएवढा सोडा. त्यांनी आम्हाला बघितलं. हात हलवायचा तर सोडा ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी सोडाच वर केला. मग चाक पूर्ण वळवून भला मोठा गोल घेतला, आणि गवताचे हिरवे फवारे उडवत सावकाश पलीकडे निघून गेले.